सगळ्याला ‘अॅग्री’ मारलं की १३२ येतात: मेडिकलच्या पोरांना कॉलेज कसं वाटतं, हे मोजायची भानगड

रविवारी सकाळी भाचीला घेऊन तर्री पोहे खायला गेलो होतो. ती इकडच्याच एका कॉलेजात एमबीबीएस सेकंड इयरला आहे, कोणत्या ते मी सांगत नाही, तिला अजून तिथेच दिवस काढायचे आहेत. पोहे यायचे होते आणि ही पोट्टी मोबाईलवर अंगठ्याने खटाखट काहीतरी दाबून राहिली होती. म्हटलं काय करून राहिली? तर म्हणे, "मामा, कॉलेजचा फॉर्म आहे, पन्नास प्रश्न आहेत, आज रात्रीपर्यंत नाही भरला तर वर्गाचा सीआर ग्रुपवर नावं टाकणार आहे, म्हणून सगळ्याला अॅग्री मारून राहिली, पोहे यायच्या आत होऊन जाते."

मी मोबाईल मागून घेतला. मी स्वतः कम्युनिटी मेडिसिनमध्ये मास्तरकी करतो, म्हणजे असले फॉर्म काढणाऱ्यांच्या टेबलावर बसणारा माणूस, त्यामुळे वरची चार-पाच वाक्यं वाचूनच ओळखलं की हा ड्रीम आहे. स्वप्नवालं ड्रीम नाही. डंडी रेडी एज्युकेशन एन्व्हायर्नमेंट मेजर, त्याचं शॉर्टफॉर्म. डंडी हे स्कॉटलंडमधलं शहर, तिथल्या युनिव्हर्सिटीत सू रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ही प्रश्नावली आणली, वेगवेगळ्या देशांतल्या जवळपास शंभर मेडिकल शिक्षकांची मतं घेत घेत, गाळत गाळत पन्नास वाक्यं उरवली. आज जगभरात मेडिकल, डेंटल, नर्सिंगच्या पोरांना "तुमच्या कॉलेजचं वातावरण तुम्हाला कसं वाटतं" हे विचारायचं झालं की बहुतेक लोक हीच पन्नास वाक्यं काढतात, आणि आपल्याकडे तर कुणाला मेडिकल एज्युकेशनवर पेपर टाकायचा असला की पहिला हात इथेच जातो.

तसं बघितलं तर ते प्रश्न नाहीतच, विधानं आहेत. म्हणजे "इथले शिक्षक विषयात तयार आहेत", "माझे इथे चांगले मित्र आहेत", "टेन्शन आलेल्या विद्यार्थ्यांसाठी इथे चांगली सोय आहे" अशा टाईपची. प्रत्येकापुढे पाच पर्याय, पूर्ण सहमत असाल तर ४, सहमत ३, सांगता येत नाही २, असहमत १, बिलकुल असहमत शून्य. पन्नास गुणिले चार, म्हणून टोटल २००. त्याचे आतल्या आत पाच कप्पे आहेत, शिकवण्याबद्दल काय वाटतं त्याची १२ वाक्यं, शिक्षकांबद्दल ११, स्वतःच्या अभ्यासाबद्दल म्हणजे मला हे झेपतंय का, मी पास होईन का, त्याची ८, एकूण वातावरणाची १२ आणि मित्र-हॉस्टेल-एकटेपणा वगैरेची ७. मग टोटलवरून शेरा द्यायचा: ५० पर्यंत म्हणजे फारच वाईट, ५१ ते १०० म्हणजे भरपूर प्रॉब्लेम आहेत, १०१ ते १५० म्हणजे वाईटापेक्षा चांगलं जास्त, आणि १५१ च्या वर एकदम उत्तम.

आता गंमत बघा. पन्नासपैकी ९ वाक्यं मुद्दाम उलटी टाकलेली आहेत. "शिक्षक विद्यार्थ्यांची खिल्ली उडवतात", "शिक्षक हुकूमशाही करतात", "मी इतका थकलेला असतो की कोर्सचा आनंदच घेता येत नाही", "इथे कॉपीचा प्रॉब्लेम आहे", "शिकवताना पाठांतरावर फार भर आहे" अशी. यांचे मार्क उलटे धरायचे, पूर्ण सहमत असाल तर ० आणि बिलकुल असहमत असाल तर ४. म्हणजे माझ्या भाचीने न वाचता सगळीकडे अॅग्री मारलं तर सरळ ४१ वाक्यांचे तीन-तीन म्हणजे १२३ आणि उलट्या ९ चे एक-एक म्हणजे ९, झाले १३२. कॉलेज म्हणणार बघा, वाईटापेक्षा चांगलं जास्त! आणि तिने सगळीकडे स्ट्राँगली अॅग्री मारलं असतं तर? ४१ चोक १६४, उलट्यांचे शून्य, टोटल १६४, एकदम उत्तम कॉलेज. ज्या पोरीने एकही वाक्य वाचलं नाही तिच्या मते सर खिल्लीही उडवतात, छानही शिकवतात, ती थकूनही गेली आहे आणि मजेतही आहे, आणि कॉलेजला उत्तमचा शिक्का. याउलट जो बिचारा गोंधळून सगळीकडे "सांगता येत नाही" मारतो त्याचे बरोब्बर १००, म्हणजे भरपूर प्रॉब्लेम.

हे मी तिला प्लेटखालच्या कागदावर लिहून दाखवलं, तिची पहिली रिअॅक्शन होती, "म्हणजे १६४ टाकून देऊ का, सर खुश होतील."

इथे बरेच लोक म्हणतात की भाऊ, मग हे असलं मोजायचंच कशाला, पोरांना काय कळते, त्यांना तर पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, वाढवून दिली की कॉलेज चांगलं. मलाही आधी असंच वाटायचं. पण पोरांना "वाटणं" ही हवेतली गोष्ट नाही, त्यावर ते काय शिकतात ते ठरते, आणि याचं उदाहरण माझ्याजवळ माझंच आहे.

मी थर्ड इयरला असताना मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये एका खाटेभोवती आम्ही वीस-बावीस जण. पेशंट गडचिरोलीकडचा, सिकलसेलचा, विशीतला पोरगा, प्लीहा म्हणजे स्प्लीन वाढलेली. सर म्हणाले एकेकाने या, हात लावा आणि सांगा लागते की नाही. स्प्लीन तपासायची म्हणजे हात पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला ठेवायचा, तिथून तिरपं वर डाव्या बरगडीकडे सरकत जायचं, दर टप्प्याला पेशंटला खोल श्वास घ्यायला लावायचं, श्वासासोबत स्प्लीन खाली येते आणि तिचं टोक बोटाला टेकते. हे पुस्तकातलं. खाटेपाशी काय झालं, तर पहिल्याने डाव्या बाजूला सरळ दाबलं आणि म्हणाला येस सर. दुसरा, येस सर. ज्याने "नाही लागली सर" म्हटलं त्याला सर म्हणाले, बोटं घरी ठेवून आलास का, सगळे हसले, मी पण हसलो. माझा नंबर आला तेव्हा बोटाला काहीच लागलं नाही, मी म्हटलं येस सर, टू फिंगर्स. बरगडीखाली दोन बोटं, हा आकडा मी माझ्या पुढच्याकडून उचलला होता. आणि तो पोरगा छताकडे बघत हळूच म्हणाला, "अजून किती जन दाबतीन जी?"

त्या दिवशी मी जे शिकलो ते सिलॅबसमध्ये नव्हतं, लागलं नाही तरी लागलं म्हणायचं. मेडिकल एज्युकेशनवाले याला हिडन करिक्युलम म्हणतात, छुपा अभ्यासक्रम, कुणी शिकवत नाही पण सगळे शिकतात. आणि १९७६ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये मार्टन आणि साल्यो या दोघांनी वाचायला दिलेल्या मजकुरावर विद्यार्थी कसे तुटून पडतात ते बघून सांगितलं होतं की काही जण अर्थ शोधत वाचतात आणि काही जण फक्त आपल्याला काय विचारतील तेवढं उचलतात, वरवरचं आणि खोलवरचं शिकणं. त्याच्या मागोमाग इतरांनी दाखवलं की एकच विद्यार्थी वातावरण बघून या दोन्हींत इकडून तिकडे जातो. जिथे चुकलं की हशा होतो तिथे पोरगं सेफ उत्तर पाठ करते. वॉर्डातलं शिकवणं मोकळ्या वातावरणात होतं का, याचं एक वाक्य ड्रीममध्ये आहे आणि मला ते वाचलं की तो पोरगा आठवतो.

(स्प्लीन मला लागली, पण संध्याकाळी. एक जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट, दीदी ड्युटीवर होती, ती म्हणाली चल, पेशंटला आधी विचारलं, माझा हात धरून खालून वर आणला, त्याला म्हणाली लंबा श्वास घे भाऊ, आणि टोक टेकलं. "आता?" एवढंच विचारलं तिने. तीन मिनिटं लागली असतील.)

तर फॉर्म भरायला पाहिजे, पण वाचायचा कसा हा खरा मुद्दा आहे आणि कॉलेजं तिथेच माती खातात. मीटिंगमध्ये एक स्लाईड येते, आपला स्कोअर १२० काही, मागच्या वेळी ११६ होता, टाळ्या, चहा. आता समजा दोन बॅच आहेत, दोन्हींची टोटल १२० आहे. पहिल्या बॅचमध्ये सगळ्या वाक्यांना साधारण २.४ च्या आसपास मिळालं, म्हणजे सगळंच बरं-बरं, मिळमिळीत. दुसऱ्या बॅचमध्ये मित्रांच्या वाक्याला ३.६, शिक्षकांच्या ज्ञानाला ३.५, आणि टेन्शन आलेल्यांसाठीच्या सोयीला ०.८, थकव्याच्या वाक्याला उलटं करून १.१. टोटल सेम, पण दुसऱ्या कॉलेजात एखादं पोरगं रात्री दोन वाजता कुणाला फोन करावा हे माहीत नसताना गच्चीवर बसलेलं असू शकते. म्हणून ज्यांनी हे वापरण्याचं गाईड लिहिलं त्यांनीच सांगून ठेवलंय की वाक्यागणिक सरासरी बघा, ३.५ च्या वर असेल तर ती खरी ताकद, २ ते ३ म्हणजे सुधारायला जागा आहे, आणि २ किंवा खाली गेलं की तिथे प्रॉब्लेम आहे, तिकडे आधी जा.

भारतातल्या कॉलेजांचे आकडे बघितले तर बहुतेक ठिकाणी टोटल त्या १०१ ते १५० वाल्या डब्यातच पडते, आणि गंमत म्हणजे न वाचता अॅग्री मारणाऱ्याचा १३२ पण त्याच डब्यात. वाक्यागणिक बघितलं की मात्र चित्र ओळखीचं दिसायला लागते, मित्रांचं वाक्य पुन्हा-पुन्हा वर, आणि टेन्शनवाल्यांची सोय, पाठांतराचा भर, थकवा हे पुन्हा-पुन्हा खाली. नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये मानसिक आरोग्याचा रिपोर्ट दिला, त्यांच्या ऑनलाईन सर्व्हेत २५,५९० यूजी, म्हणजे एमबीबीएसच्या, विद्यार्थ्यांनी भाग घेतला होता आणि त्यातल्या २७.८ टक्क्यांनी सांगितलं की आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं आहे. ऑनलाईन सर्व्हे आहे, ज्याला सांगायचं होतं त्याने भरला असेल, हे धरून चाललं तरी आकडा लहान नाही. ड्रीममधलं ते तिसऱ्या नंबरचं वाक्य, टेन्शनवाल्यांच्या सोयीचं, मी कुठल्याही रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी शोधतो.

भाषेची एक वेगळीच कटकट आहे. मूळ वाक्यं ब्रिटिश इंग्रजीतली. "आय सेल्डम फील लोनली." हे वाक्य सरळ धरलेलं आहे, म्हणजे सहमत असाल तर चांगलं, कारण सेल्डम म्हणजे क्वचित. पण बारावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकून गोंदिया-भंडाऱ्याहून आलेलं पोरगं घाईत "लोनली" वाचते आणि आपल्या खोलीतलं एकटेपण आठवून अॅग्री मारते, झालं उलटं, एकटं पोरगं कागदावर मजेत. तेच "आय अॅम रेअरली बोअर्ड" चं. भाचीला तिथेच ही दोन वाक्यं वाचायला लावली तर तिने दोन्ही चुकीच्या दिशेनेच वाचली, आणि ती काही इंग्रजीत कच्ची नाही, तिचं लक्ष पोह्यावर होतं. म्हणून मी तरी म्हणतो की मराठी-हिंदीत नीट करून द्या, नाहीतर वर्गात बसवून एकदा समजावून द्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि काही गोष्टी यात विचारलेल्याच नाहीत. रॅगिंगचं एकही वाक्य नाही. रात्रीच्या ड्युटीवरून हॉस्टेलला जाताना सेफ वाटतं का, हे नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर हॉस्पिटलातच बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर हा प्रश्न न विचारता वातावरण मोजलं म्हणणं मला पटत नाही. पेशंटची भाषा कळते का, हे पण नाही, आणि आपल्या नागपूरला तर तो रोजचा घोळ आहे. मेडिकल चौकातलं सरकारी हॉस्पिटल, ज्याला सगळं नागपूर नुसतं "मेडिकल" म्हणते, तिथे घ्या की मेयो या दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलात घ्या की मिहानमधल्या एम्समध्ये, पेशंट फक्त नागपूरचे नसतात, छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोली, छत्तीसगड, आदिलाबाद इकडून येतात, कुणी वऱ्हाडी बोलते, कुणी झाडी, कुणी गोंडी, कुणी तिकडची हिंदी. आणि खाटेच्या या बाजूला सरकारी कॉलेजात १५ टक्के ऑल इंडिया कोट्याची पोरं, एम्समध्ये तर सगळीच ऑल इंडियातून, कुणी केरळचं, कुणी राजस्थानचं. म्हातारी म्हणते "पोटात कालवाकालव होऊन राहिली जी" आणि कोट्टायमचा पोरगा वहीत काय लिहिणार? तो बाजूच्याला विचारतो, बाजूचा कोल्हापूरचा, त्यालाही अर्धंच कळते. हे डंडीत कुणाला सुचायचं कारण नव्हतं, आपल्याला सुचायला पाहिजे, आपल्या फॉर्मला आपली दोन-चार वाक्यं जोडायला कुणी मनाई केलेली नाही. फक्त त्यांची टोटल २०० मध्ये मिसळू नका, वेगळी ठेवा.

रेसिडेंट लोकांसाठी वेगळा फॉर्म आहे, फीम, त्यात ४० वाक्यं आणि टोटल १६०, त्यात ड्युटी, स्वायत्तता, शिकवणं आणि आधार वगैरे येते. यूजीवाला फॉर्म जेआरना वाटणारे महाभाग पण बघितले आहेत, असो.

आता २०१९ पासून नवीन सीबीएमई, म्हणजे कौशल्यांवर आधारलेला, करिक्युलम आलाय, पहिल्या वर्षीच पेशंटची ओळख, संवाद आणि नीतिमत्तेचा अॅटकॉम, लॉगबुक, छोट्या ग्रुपमध्ये शिकवणं. कागदावर बघाल तर पाठांतराचा भर कमी व्हायला पाहिजे, "शिकवणं फार शिक्षक-केंद्री आहे" या उलट्या वाक्याचे मार्क सुधारायला पाहिजेत. होतात का, हे त्या कॉलेजात छोटा ग्रुप म्हणजे किती जण यावर आहे. लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एकाच पेनने, एकाच बैठकीत, सगळ्या तारखा टाकून भरलं जात असेल तर करिक्युलम नवा आणि येस सर टू फिंगर्स जुनंच.

पण मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट त्या फॉर्मच्या पहिल्या रकान्यात असते. भाचीच्या फॉर्ममध्ये सगळ्यात वर काय होतं माहीत आहे? रोल नंबर. लाल स्टार मारलेला, भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणजे "शिक्षक विद्यार्थ्यांची खिल्ली उडवतात" या वाक्यावर रोल नंबर ८७ ने खरं उत्तर द्यायचं, आणि लिंक पाठवली कुणी, तर ज्यांची पुढच्या महिन्यात व्हायव्हा आहे त्याच डिपार्टमेंटने. ती म्हणे, "मामा, व्हायव्हाला तेच सर आहेत, मी काय येडी आहे का?" तिचं बरोबर आहे. सगळ्याला अॅग्री मारणं हा आळस आहे असं मी पण समजत होतो, अर्धा तो स्वतःला वाचवायचा मार्ग होता, आणि तो शहाणपणाचाच होता. नाव काढा, लिंक दुसऱ्या डिपार्टमेंटकडून किंवा सरळ एज्युकेशन युनिटकडून जाऊ द्या, परीक्षेच्या तोंडावर घेऊ नका. वेळेचं तर नागपुरात अजूनच बघा, डिसेंबरात कोवळ्या उन्हात भरलेला फॉर्म आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना भरलेला फॉर्म, दोन्हीत "राहायची सोय छान आहे" या वाक्याचं उत्तर सारखं येईल का? मग या वर्षी स्कोअर पडला म्हणून चिंतन बैठक, आणि बदललं काय होतं, तर महिना.

पोहे संपत आले होते तेव्हा तिने असं काही विचारलं की मी गप्पच झालो. "आम्ही फर्स्ट इयरला पण हाच फॉर्म भरला होता, त्याचं काय झालं?" मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या स्वतःच्या डिपार्टमेंटने मागे घेतलेल्या फॉर्मचं काय झालं ते माहीत होतं, एक पोस्टर झालं, कॉन्फरन्सला गेलं, सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझंही नाव आहे. ज्या पोरांनी भरला त्यांना कुणी येऊन सांगितलं नाही की तुम्ही अमुक तीन वाक्यांना कमी मार्क दिले होते म्हणून आम्ही बेडसाईडची बॅच दहाची केली, किंवा नाही केली आणि का नाही केली. हे तिला सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं.

रोल नंबरचं तिने सीआरला मेसेज टाकून विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे संध्याकाळी नवीन लिंक आली, रोल नंबर काढलेला, सरांच्या लक्षातच आलं नव्हतं म्हणे, मेल आयडी गोळा करणारं बटण पण बंद केलं होतं. रात्री साडेदहाला तिचा फोन. वाचून भरून राहिली आहे, शेहेचाळिसाव्यावर अडली.

"राहायची सोय छान आहे, असं वाक्य आहे मामा. आमच्या रूमच्या कूलरची मोटर जळली आहे, आज चौथा दिवस, ओल्या चादरी खिडकीला बांधून झोपून राहिलो आम्ही. याला शून्य टाकू की एक?"

"कम्प्लेंट केली?"

"रजिस्टरमध्ये लिहिली ना. रेक्टर म्हणे इलेक्ट्रिशियन सुट्टीवर आहे."

"मग टाक शून्य."

"पण तशी रूम चांगली आहे, मोठी आहे." थोडा वेळ काही बोलली नाही, मागून कुणीतरी बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत होता. "एक टाकते."